बाहेरचं अ‍ॅप टाकू की नको?

प्रश्न : टिपणं लिहायला मी एक साधं, बिनजाहिरातीचं अ‍ॅप वापरते. ते प्ले स्टोअरवर नाही, एफ-ड्रॉइड या मोफत, मुक्त अ‍ॅप्सच्या दुकानातून घेतलं होतं. आता नवा फोन आला, तर मुलगा बाहेरचं काहीच टाकू देत नाही. “आई, फसवणूक सगळी तिथूनच होते,” म्हणतो. गुगलही हे बंद करणार असं कानावर आलंय. फोन माझा, मग त्यात काय टाकायचं ते दुसऱ्यांनी का ठरवायचं?

उत्तर : मुलाची काळजी रास्त आहे, पण सरसकट बंदीची गरज नाही. पूर्वी अँड्रॉइडमध्ये ‘अननोन सोर्सेस’ नावाचं एकच बटण असायचं. ते चालू केलं की कुठूनही आलेली फाइल फोनवर बसायची. २०१७ साली आलेल्या अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी प्रत्येक अ‍ॅपला वेगळी द्यावी लागते. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’ लिहा. यादीत ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप, फाइल मॅनेजर अशी नावं दिसतील. ‘तुमचं पार्सल अडकलंय, हे उघडा’ छापाच्या एपीके फायली (अ‍ॅप बसवणाऱ्या फायली) येतात त्या याच वाटांनी. तेव्हा या सगळ्यांची परवानगी बंद ठेवा आणि एकट्या एफ-ड्रॉइडची चालू करा. मेसेजमधून आलेल्या फाइलवर चुकून बोट पडलं, तरी फोन तिथेच अडवेल.

खरा घात मात्र अ‍ॅप बसल्यानंतर होतो. बँक खाती साफ करणारी बरीचशी अ‍ॅप्स ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतात. ही सोय मुळात दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवण्यासारख्या कामांसाठी आहे. ती हाती लागली की अ‍ॅपला पडद्यावरचं वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. एसएमएस वाचायची मुभा मिळाली तर ओटीपीही गेला. टिपणांच्या अ‍ॅपला यातलं काहीही लागत नाही. मागितलंच, तर ते स्टोअरवरचं असो की बाहेरचं, काढून टाका. अँड्रॉइड १३ पासून फाइलवरून टाकलेल्या अ‍ॅपला ही परवानगी सहजी देता येत नाही, मध्ये एक जादा अडसर येतो. फोनवर बोलणारा कुणी अनोळखी माणूस तो अडसर कसा काढायचा ते गोडीत सांगू लागला, की फोन ठेवून द्यायचा. मुलाने तुम्हाला बजावायचं असेल, तर हे बजावावं.

राहता राहिलं गुगल. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की प्रमाणित, म्हणजे गुगलची मान्यता असलेल्या अँड्रॉइड फोनवर पुढे ओळख पटवलेल्या डेव्हलपरचीच (अ‍ॅप बनवणाऱ्यांचीच) अ‍ॅप्स बसतील. सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये. एफ-ड्रॉइडने याला कडाडून विरोध केला. नंतर नोव्हेंबरमध्ये, जाणत्या वापरकर्त्यांना धोका पत्करून पुढे जाता येईल अशी वाट ठेवू, असं गुगलने म्हटलं. माझं मत विचाराल तर ओळखपत्रावरून अ‍ॅप कुणी बनवलं ते कळतं, ते आत काय करतं ते नाही. पकडलेल्या भामट्याला पुन्हा नव्या नावाने येणं अवघड जाईल, हा फायदा मी नाकारत नाही. पण हौसेने, फुकटात अ‍ॅप लिहिणाऱ्याने एका कंपनीच्या दारात कागदपत्रं घेऊन उभं राहायचं, हे मला पटत नाही. ताकीद द्यावी, हवं तर दोनदा द्यावी. शेवटचा ‘हो’ फोनधारकाचा असावा.

आणि एक. जुन्या फोनवरची टिपणं आधी एक्सपोर्ट करून घ्या. तेच अ‍ॅप पुढे दुसरीकडून घेतलंत आणि त्याची डिजिटल सही, म्हणजे अ‍ॅपवरची ओळखखूण, वेगळी निघाली, तर अँड्रॉइड ते जुन्यावर बसू देत नाही. मग जुनं काढावं लागतं, आणि त्याच्याबरोबर टिपणंही जातात.