‘होली वॉटर’ अंगावर पडताच भूत जळते, असे ख्रिस्ती लोक खरेच मानतात का?

भयपटांत पवित्र पाणी पडताच झपाटलेल्या माणसाच्या कातडीतून वाफा निघतात. ही खरोखर ख्रिस्ती श्रद्धा आहे का आणि हे पाणी आपल्या तीर्थासारखेच असते का, असे आपण विचारले आहे.

मी वसईतील कॅथलिक घरात वाढलो. आजीच्या उशाशी औषधाच्या जुन्या बाटलीत ईस्टरच्या रात्री चर्चमधून आणलेले पाणी असे आणि कुणी प्रवासाला निघाले की ती त्यात बोट बुडवून त्याच्या कपाळावर क्रूस काढी. भुताखेतांसाठी तिने ते वापरल्याचे मला आठवत नाही.

हे पाणी साधेच असते. धर्मगुरू त्यावर आशीर्वादाची प्रार्थना म्हणतात. चर्चच्या दारालगतच्या लहान कुंडात बोटे बुडवून कपाळ, छाती, डावा खांदा आणि मग उजवा खांदा असा क्रूस करायचा, तो आपल्या स्नानसंस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्याची, आठवण म्हणून. चर्चच्या सात मुख्य संस्कारांत या पाण्याची गणना होत नाही आणि त्याच्या अंगी स्वतःची शक्ती असते असेही कॅथलिक चर्च शिकवत नाही. चर्चची प्रार्थना आणि घेणाऱ्याची श्रद्धा यांवरच सारी भिस्त असते. तीर्थाशी जवळचे नाते शोधायचे तर ते पूर्वेकडील ख्रिस्ती लोकांच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत सापडेल, कारण प्रभुप्रकटनाच्या, म्हणजे येशूच्या बाप्तिस्म्याच्या, सणाला आशीर्वादित केलेले पाणी तेथे भाविक पितात. बहुतेक प्रोटेस्टंट पंथांनी ही प्रथा सोडून दिली.

तरीही सिनेमावाल्यांनी सगळे मनानेच रचले असे म्हणता येणार नाही. 1614 च्या रोमन विधिग्रंथात आधी मिठातून आणि मग पाण्यातून सैतानाला हुसकावण्याची प्रार्थना आहे आणि त्यानंतर दोन्ही एकत्र करतात. 16 व्या शतकातील अविलाच्या संत तेरेजा आत्मचरित्रात लिहितात की क्रूसाला भिऊन पळालेले सैतान परत येतात, या पाण्याने पळालेले मात्र येत नाहीत.

गंमत अशी की 1973 च्या ‘द एक्झॉर्सिस्ट’मध्ये तरुण धर्मगुरू मुलीवर नळाचे पाणी शिंपडतो, ते पवित्र असल्याचे सांगतो, आणि तरीही ती किंचाळत तडफडते, त्यामुळेच ती खरोखर झपाटलेली आहे का, अशी शंका त्याला येते. नंतरच्या अनेक चित्रपटांनी तडफड तेवढी उचलली, शंका सोडून दिली. प्रत्यक्षात झपाटलेल्या माणसातून सैतान हाकलण्याच्या विधीसाठी धर्मगुरूला बिशपची खास परवानगी लागते आणि त्याआधी हा आजार तर नाही ना, याची खात्री करून घेणे अपेक्षित असते.