पाळी बदलताना थांबलेले बोर्ड

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने तुझ्या विभागाशी तीन वर्षांचा संशोधन करार केलाय, त्यातली पीएचडीची जागा तुला मिळते आहे, आणि तरी मन घट्ट होत नाही. आपण कंपनीचे स्वस्तातले हात होऊन बसू, ही एक भीती. आणि प्रबंध बांधून होईपर्यंत कारखान्यातलं तंत्रज्ञान दोन पावलं पुढे गेलेलं असेल, ही दुसरी. दोन्ही भीती खऱ्या आहेत, मी दोन्ही भोगल्या आहेत. तरी माझं म्हणणं असं की जागा घे. मात्र काही गोष्टी आत पाऊल टाकण्याआधीच पक्क्या कर. त्यांतली सगळ्यात मोठी मला माझ्याच चुकीतून कळली, म्हणून आधी ती सांगतो.

शिसं नसलेलं सोल्डर, म्हणजे चिप वगैरे भाग सर्किट बोर्डाला वितळून जोडणारा धातू, रूढ होत होतं तेव्हाची गोष्ट. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक उपकरणांत शिशावर बंदी घातली आणि जगभरच्या जोडणी-लाइन बदलाव्या लागल्या. कथिल-शिशाचं जुनं मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळायचं. त्याच्या जागी आलेलं कथिल, चांदी आणि तांब्याचं मिश्रण २१७ अंशांच्या पुढे गेल्यावरच वितळू लागतं. चिपचं आवरण आणि बोर्ड किती ताप सोसतील ती मर्यादा काही त्या प्रमाणात वर गेली नाही. म्हणजे सोल्डर वितळवणाऱ्या भट्टीला जी मोकळीक होती ती आक्रसली, आणि पूर्वी पोटात खपून जाणाऱ्या बारीकसारीक चुका आता बाहेर दिसू लागल्या.

अशात एका कारखान्याने आमच्या प्रयोगशाळेला प्रश्न पाठवला. बीजीए, म्हणजे पोटाखालच्या सोल्डरच्या बारीक गोळ्यांवर बसणाऱ्या, चिपखालचे काही जोड तपासणीत पास होतात आणि ग्राहकाकडे गेल्यावर उघडतात; चांगली सोल्डर पेस्ट, म्हणजे बोर्डावर छापायचा सोल्डरच्या कणांचा लेप, सुचवा. जोड कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरले तर चिपचा गोळा पेस्टवर नुसता टेकलेला, उशीवर डोकं ठेवावं तसा. धातू एकजीव झालेलाच नाही. या दोषाला लाइनवर ‘हेड-इन-पिलो’च म्हणतात. आम्ही वेगवेगळ्या पेस्ट मागवल्या, आठ महिने प्रयोग केले, देखणे आलेख काढले. प्रयोगशाळेत तो दोष एकदाही उमटला नाही. त्यावरून आम्ही एका पेस्टची शिफारस केली. कारखान्याने पेस्ट बदलली आणि दोष होता तिथेच राहिला.

तेव्हा कुठे मी लाइनवर जाऊन उभा राहिलो. चार दिवस दिवसपाळीत काढले, काही हाती लागलं नाही. पाचव्या दिवशी रात्रपाळीला थांबलो. पेस्ट छापायच्या मशीनवरच्या ऑपरेटर बाई माझ्याकडे बराच वेळ पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, “पाळी बदलते तेव्हा छापलेले बोर्ड इथेच थांबतात, सर. कधी अर्धा तास, कधी जास्त. त्याचं लिहून ठेवायचं असतं का?”

मशीन बंद पडलेलं नव्हतं, त्यामुळे यंत्राच्या नोंदीत ते थांबणं कुठेच नव्हतं. आणि आम्ही प्रयोगशाळेत पेस्ट छापली की बोर्ड लगेच भट्टीत सारत होतो. थांबलेल्या बोर्डावर पेस्टमधला द्रावक उडून जात होता, फ्लक्सचा, म्हणजे धातूवरचं ऑक्साइड काढणाऱ्या पेस्टमधल्या रसायनाचा, जोर ओसरत होता. मग भट्टीत चिप तापून वाकली की कडेचे गोळे पेस्टपासून जरासे उचलले जात, त्यांच्यावर ऑक्साइडची साय धरे, आणि चिप पुन्हा खाली बसे तेव्हा ती साय फोडण्याइतका फ्लक्स उरलेला नसे. आठ महिन्यांत आम्ही सगळं मोजलं होतं, फक्त वाट पाहण्याचा वेळ मोजला नव्हता.

उपाय साधा निघाला. पाळी संपण्याआधी छपाई थांबवायची आणि छपाई ते भट्टी हा वेळ प्रत्येक बोर्डामागे नोंदवायचा. पण लक्षात घे, कोणत्या चिपसाठी किती वेळ चालेल हे सांगायला पुन्हा प्रयोगशाळाच लागली. चिप तापताना किती वाकते ते मोजलं, थांबण्याचा वेळ बदलून जोड कापून पाहिले, तेव्हा कारखान्याच्या हाती एक भरवशाची मर्यादा आली. बाईंचं निरीक्षण नसतं तर आमचं मोजमाप वाया गेलं असतं. आमचं मोजमाप नसतं तर त्यांचं निरीक्षण पाळीच्या गप्पांत विरून गेलं असतं. त्या कामावरच्या शोधनिबंधाच्या आभारांत त्यांचं नाव घालायचं राहून गेलं. ती खंत मला आजही आहे.

म्हणून तुला पहिली विनंती ही, की कंपनीने लिहून दिलेला प्रश्न जसाच्या तसा प्रबंधाचा विषय म्हणून उचलू नकोस. कारखाना प्रश्न पाठवतो तेव्हा त्यात अर्धं उत्तर आधीच घालून पाठवतो, ‘चांगली पेस्ट सुचवा’सारखं. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना आजची पाळी चालवायची असते. पहिले तीन महिने प्रयोग न करता लाइनवर काढायचे, असं वेळापत्रकातच लिहून घे. मार्गदर्शक कुरकुरतील. तरी घे.

आता वेगाविषयी. तंत्रज्ञान पुढे निघून जाईल, ही भीती तू पुन्हा एकदा नीट तपासून पाहा. बर्कलीच्या विद्यापीठात चेनमिंग हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनफेट नावाचा उभ्या पात्यासारखा ट्रान्झिस्टर दाखवला तो १९९० च्या दशकाच्या अखेरीस. इंटेलने २२ नॅनोमीटर पिढीच्या चिपच्या उत्पादनात त्या जातीचा ट्रान्झिस्टर आणल्याचं जाहीर केलं ते २०११ मध्ये. मधल्या काळात हू स्वतः काही वर्षं टीएसएमसी या तैवानच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होते आणि पुन्हा विद्यापीठात परतले. अतिनील किरणांच्या टोकाकडच्या, १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने चिप छापण्याची कथा त्याहून लांब आहे. जपानच्या एनटीटी कंपनीतल्या हिरोओ किनोशिता यांनी या वाटेवरच्या पहिल्या प्रतिमा १९८६ मध्ये मांडल्या, तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवणारे थोडे होते. पुढे तेही विद्यापीठात गेले. त्या प्रकाशाची यंत्रं मोठ्या उत्पादनात रुळली ती २०१९ च्या सुमारास. तीस वर्षांहून जास्त! हा प्रकाश हवाही शोषून घेते, काचेचं भिंगही. म्हणून सगळा मार्ग निर्वातात आणि आरशांवरून न्यावा लागतो, आणि प्रकाश निर्माण करण्यासाठी वितळलेल्या कथिलाच्या सूक्ष्म थेंबांवर सेकंदाला सुमारे पन्नास हजार वेळा लेसर मारावा लागतो. इतकी वर्षं धीर धरणं तिमाही हिशेबात बसत नाही. तो धीर विद्यापीठाकडे असतो. कारखान्याकडे असते ती दुसरी गोष्ट, एकच कृती लाखो वेळा तशीच करून दाखवण्याची शिस्त. तुला तीन वर्षांत दोन्ही शिकायला मिळतील, अशी संधी मला तुझ्या वयात मिळाली नव्हती.

यंत्रं महाग होत गेली तसा आणखी एक बदल झाला, तो तुझ्या कामाला थेट भिडतो. अत्याधुनिक यंत्र आता एकट्या विद्यापीठाला परवडत नाही. बेल्जियममधल्या लुव्हन इथे १९८४ मध्ये आयमेक ही संशोधनसंस्था सुरू झाली ती याच गरजेतून मोठी झाली. बाजारात एकमेकांशी झुंजणाऱ्या कंपन्या तिथे स्पर्धेआधीच्या टप्प्यावरच्या संशोधनाचा खर्च मिळून उचलतात, आणि विद्यापीठांतले विद्यार्थी त्याच यंत्रांवर काम करतात. त्याआधी अमेरिकेत १९८१ मध्ये मोसिस ही चिप बनवून देणारी सेवा सुरू झाली होती. अनेक विद्यापीठांच्या छोट्या छोट्या रचना एकाच वेफरवर, म्हणजे चिपसाठीच्या सिलिकॉनच्या चकतीवर, शेजारी शेजारी छापायच्या आणि खर्च वाटून घ्यायचा, इतकी सरळ कल्पना. तिच्यामुळे स्वतः आखलेली चिप हातात धरणं विद्यार्थ्यांना शक्य झालं. तुझ्या कंपनीच्या एखाद्या वेफरवर कोपऱ्यातली थोडी जागा मिळते का, ते नक्की विचार. लोक विचारतच नाहीत, म्हणून मिळत नाही.

करारातल्या दोन गोष्टींवर मात्र मी अडून बसेन. पहिली प्रकाशनाची. कंपनीने मसुदा आधी वाचावा, पेटंटचा अर्ज करायचा असेल तर काही आठवडे थांबायला सांगावं, हे रास्त आहे. बऱ्याच देशांत आधी छापून आलं की पेटंटचा हक्कच जातो. पण त्या थांबण्याला मुदत हवी, आणि ‘कंपनीच्या संमतीशिवाय प्रकाशन नाही’ असं वाक्य असेल तर ते बदलून घ्यायला हवं. तुझा प्रबंध तुझा आहे. चिप-रचनेचं काम असेल तर कारखान्याची पीडीके, म्हणजे त्या प्रक्रियेचे नियम आणि मॉडेल्स, बहुधा गोपनीयता कराराखाली मिळते. वर्षभर राबून शेवटी आपलीच आकृती प्रबंधात छापता येत नाही, ही वेळ मी एका हुशार मुलीवर आलेली पाहिली आहे. २०२० पासून १३० नॅनोमीटरची एक पीडीके सगळ्यांसाठी खुली आहे. पद्धत सिद्ध करायला जुनं तंत्रज्ञान चालत असेल तर आधी तिथे करून छापून टाक, मग नव्यावर जा.

दुसरी गोष्ट बिघडलेल्या मालाची. कंपन्या विद्यापीठाला निवडक, धुतलेली माहिती देतात आणि सदोष बोर्ड लपवतात, कारण त्यांना लाज वाटते किंवा ग्राहकाचा धाक असतो. तुला हवे आहेत ते नेमके सदोषच बोर्ड. हल्ली प्रत्येक लाइनवर कॅमेऱ्याची तपासणी असते आणि दोष ओळखायला मशीन लर्निंग वापरा असा आग्रह होतो. तू तेच करणार असशील तर एवढं डोक्यात ठेव: चांगल्या लाइनवर हजार जोडांत एखादाच वाईट असेल, तर ‘सगळे चांगले’ म्हणणारं मॉडेलही ९९.९ टक्के बरोबर ठरतं. अशा टक्केवारीचे आलेख मी परिषदांत फार पाहिले. किती वाईट जोड पकडले आणि किती चांगल्यांना उगाच बाजूला काढलं, हे दोन वेगवेगळे आकडे मांड. आणि प्रत्येक चित्रासोबत बोर्डाचा क्रमांक, वेळ आणि पाळी मागून घे. वेळेचा रकाना नसेल तर माझी आठ महिन्यांची चूक तुझ्याही वाट्याला येईल.

ज्ञान उघडं ठेवल्याने उद्योगाचं नुकसानच होतं, असं तुला कोणी सांगेल. बर्कलीतच १९७३ मध्ये लॉरेन्स नेगल आणि त्यांचे मार्गदर्शक डोनाल्ड पेडरसन यांनी स्पाइस हा सर्किटचं वर्तन आधीच गणिताने पाहणारा प्रोग्रॅम मांडला. पेडरसन यांनी तो मुक्तपणे वाटला. तो कंपन्यांत गेला, विद्यार्थी पदवी घेऊन त्याच्यासोबत गेले, आणि आजची व्यापारी सर्किट-सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणात त्याच्याच वंशातली आहेत. विद्यापीठाकडून उद्योगाला खरोखर पोचतं ते पुष्कळदा माणसांबरोबर पोचतं. म्हणून कंपनीतला एक अभियंता तुझ्या समितीत नावानिशी असू दे, महिन्यातून एकदा तो प्रयोगशाळेत येऊन बसू दे. त्याची बदली झाली तर जागी कोण येणार, हेही आत्ताच ठरवून घे. बरेच चांगले प्रकल्प अशा एका बदलीने थंड पडतात.

कराराचा मसुदा हाती आला की प्रकाशनाचं आणि माहितीचं कलम मला पाठव, आपण फोनवर ओळ न् ओळ वाचू. लाइनवर जायला सुरक्षेचं प्रशिक्षण, स्थिर विजेपासून भाग वाचवणारा ईएसडीचा पट्टा आणि बूट, प्रवेशपत्र असं सगळं लागतं आणि त्याला दिवस जातात, तेव्हा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाक. अर्जात वेळ लिहिताना रात्रपाळीही लिही. नंतर ती परवानगी वेगळी काढावी लागते.

सस्नेह,
सर