आधी गस्तवालाच पोचतो

प्रश्न : भाचा इंदूरला गस्तीच्या गाडीवर आरक्षक (कॉन्स्टेबल) आहे. कमांडो असताना त्याला बंदूकधाऱ्याशी भिडायचं प्रशिक्षण कशाला? – एक मावशी, रामबाग

उत्तर : मावशी, कमांडो येईपर्यंत तिथे तुमचा भाचाच असणार ना! १९९९मध्ये अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला, तेव्हा बाहेर आधी पोचलेले पोलीस घेरा घालून विशेष पथकाची वाट पाहत थांबले. आत एक जखमी शिक्षक रक्त जाऊन दगावले. त्यानंतर तिथे आधी पोचणाऱ्यांनाच आत शिरायला शिकवू लागले.

मी या प्रशिक्षणासाठी पोलिसांची निवड करायचो तेव्हा आधी तीन मजले पळवायचो. धापा टाकत असतानाच समोर पुतळा, हातात पिस्तूल किंवा मोबाइल. मोबाइलवाल्यावर गोळी झाडली की नाव कट. वायरलेसवर बडबडणाराही नको. (भाचा बोलका आहे का हो?) आणि तयार झालेले सगळे एकाच पाळीत नकोत, दर पाळीत दोघे तरी हवेत.