क्रेडिट पूर्ण झाले, तरी परीक्षा सोडू नये

प्रश्न : आम्ही नाशिकहून ऑकलंडला आलो. मुलगी इयर १२ मध्ये शिकते. न्यूझीलंडच्या एनसीईए या शालेय प्रमाणपत्राच्या लेव्हल २ चे क्रेडिट (प्रत्येक मूल्यमापनातून मिळणारी श्रेयांक-एकके) आताच पूर्ण झाले असल्याने नोव्हेंबरच्या परीक्षांना बसायची गरज नाही, असे ती म्हणते. तिला इंजिनीअर व्हायचे आहे. काय करावे? – एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार,

आपल्या मुलीचे म्हणणे प्रमाणपत्रापुरते बरोबर आहे. २०२४ पासून प्रत्येक लेव्हलसाठी त्या किंवा त्यावरील लेव्हलचे ६० क्रेडिट, आणि वाचन, लेखन व अंकज्ञान यांचे एकदाच मिळवायचे २० क्रेडिट लागतात. शाळेतील अंतर्गत मूल्यमापनातून मिळालेले क्रेडिट या हिशेबात परीक्षेतल्या क्रेडिटइतकेच मोजले जात असल्याने, वर्षाखेरीपूर्वीच आकडा भरलेला दिसतो. तरीही तिने परीक्षा सोडू नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण तिला जायचे आहे ती वाट गणितातून जाते.

लेव्हल २ गणितात बीजगणिताचे ४ आणि कॅल्क्युलसचे ५ क्रेडिट बाह्य, म्हणजे नोव्हेंबरच्या परीक्षेतूनच मिळतात. पुढच्या वर्षीच्या लेव्हल ३ कॅल्क्युलसमध्ये डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशन यांचे प्रत्येकी ६ आणि कॉम्प्लेक्स नंबर्सचे ५ क्रेडिट असतात आणि तेही बाह्य परीक्षेचेच असतात. यंदाचे पेपर सोडले, तर एकूण संख्या पुरेशी राहील, पण या तीन भागांचा पाया कच्चा राहील, आणि लेव्हल ३ च्या वर्गात प्रवेश देताना अनेक शाळा नेमका हाच निकाल पाहतात.

विद्यापीठ प्रवेशाची पात्रताही प्रमाणपत्रापेक्षा वेगळी आहे. त्यासाठी लेव्हल ३ सोबत तीन मान्य विषयांत प्रत्येकी १४ क्रेडिट, तसेच लेव्हल २ किंवा त्यावरील वाचनाचे ५ आणि लेखनाचे ५ क्रेडिट लागतात. लेव्हल २ इंग्रजीत अभ्यासलेल्या साहित्यकृतीवरचा निबंध या अटीसाठी धरला जातो, आणि तोही नोव्हेंबरच्या पेपरातच लिहायचा असतो.

पात्रतेनंतर गुणवत्ता येते. ऑकलंड विद्यापीठ लेव्हल ३ चे सर्वोत्तम ८० क्रेडिट धरून अचीव्ह्ड (उत्तीर्ण) श्रेणीतल्या प्रत्येक क्रेडिटला २, मेरिटला ३ आणि एक्सलन्स या सर्वोच्च श्रेणीला ४ गुण देते. म्हणजे जेमतेम उत्तीर्ण झालेली आणि उत्तम काम केलेली विद्यार्थिनी यांच्याकडे प्रमाणपत्र एकच असले, तरी एकीचे गुण दुसरीच्या दुप्पट असू शकतात. आपल्याकडच्या टक्केवारीच्या सवयीमुळे पालकांच्या हे लवकर लक्षात येत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने एनसीईएच्या जागी नवी प्रमाणपत्रे आणण्याचा प्रस्ताव मांडला; तो २०२८ पासून टप्प्याटप्प्याने लागू करण्याचा विचार असल्याने त्यावर विसंबून तिने आजचा अभ्यास सैल करू नये.

या आठवड्यातच गणिताच्या शिक्षकांना भेटून लेव्हल ३ कॅल्क्युलस आणि फिजिक्ससाठी शाळा किमान कोणता निकाल मागते, हे तिच्यासमोर विचारून घ्यावे, आणि त्यानुसार कोणत्या पेपरला आधी वेळ द्यायचा, ते तिनेच ठरवावे.