सकाळी आठ ते दुपारी दोन? ताई, जरा थांबा

ताई, लेकराला शाळेत न घालता घरीच शिकवायचं तुमचं वेळापत्रक बघितलं. पहिल्या वर्षी मीही असंच भिंतीवर चिकटवलं होतं. आठवड्यात लेक रडकुंडीला आली, मीही. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास धरलेत, म्हणजे दिवसाला चारच. तेही भरल्या वर्गात, हजेरी नि वह्या तपासण्यासकट. घरी एकट्या हुशार पोराचं गणित-भाषा दीड-दोन तासांत उरकतं.

पण म्हणून उरलेला दिवस मोकळा, असं समजू नका हं! वेळ खातात ते प्रश्न. आमच्या सोलापूरच्या कंबर तलावावर लेकीला नेलं की "बगळा एका पायावर का उभा?" इथून जे सुरू होतं, ते रात्री आमटीत कडक भाकरी चुरतानाही चालूच. उत्तर येत नसेल तर तसं सांगा, दोघं मिळून शोधा. बुद्धिबळात मात्र लेक तासन्‌तास एकटी रमते. तेवढ्यात माझं धुणं होतं.

आणि पुढच्या इयत्तेची घाई कशाला? एनआयओएसची, म्हणजे शाळेत न जाता परीक्षा देता येते त्या राष्ट्रीय मुक्त शाळेची, दहावी १४ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय देताच येत नाही. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत तर आम्ही पुस्तकं उघडतही नाही.