पुराचं पाणी लागलेली ट्रंक

(जुने कागद, वाचनालयं आणि गावाचा इतिहास यांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देत आहेत सांगलीतल्या एक निवृत्त ग्रंथपाल.)

बाई, आमच्या गावभागातल्या घरात २०१९ च्या पुरात सासऱ्यांची लोखंडी ट्रंक बुडाली. आत नाटकांची हस्तपत्रकं, मोडी कागद, हळदीच्या व्यवहाराच्या वह्या आणि ग्रुप फोटो आहेत. तेव्हा उन्हात वाळवून परत भरून ठेवलं. आता निम्मं एकमेकांना चिकटलंय. मुलगा म्हणतो, लॅमिनेट करू. दीर म्हणतात, वाचनालयाला देऊन टाका. काय करावं?
— एक वाचक, गावभाग, सांगली

लॅमिनेशन नको. मुलाला आजच सांगा, दुकानदार फार तत्पर असतात. तापवून चिकटवलेलं ते प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही, आणि आतला कागद खराब होत गेला तर आपण नुसतं बघत बसायचं. सेलोटेपही नको. काही वर्षांत टेप सुटून पडते आणि तिचा पिवळा डाग तेवढा राहतो.

चिकटलेलं ओढून सोडवू नका. आधी सगळं आहे तसं, ज्या क्रमाने ट्रंकेत आहे त्या क्रमाने, मोबाइलवर टिपून घ्या. कुठल्या वहीत कुठली पावती खोचली होती हीसुद्धा माहितीच असते. फोटोंची चकचकीत बाजू सरसाची असते. ती ओली झाली की समोर येईल त्याला धरते. असे फोटो जाणकाराकडेच सोपवा. मोडी कागदांना तर पाण्याचा हातही लावू नका. काजळीची शाई डिंकात खललेली असते, ती ओल्या बोटाला लगेच येते. बाकी या मोडी कागदांची मला तितकी काळजी वाटत नाही. जुना हातकागद चिवट असतो. लाकडाच्या लगद्याचा कारखानी कागद आला तेव्हापासून कागद पिवळा पडून तुकडे व्हायला लागले. तुमच्या ट्रंकेत बहुधा सगळ्यात नवीन कागदच सगळ्यात आजारी असेल.

आता दिरांचं म्हणणं. द्यावं, पण देऊन टाकू नये. आपल्याकडे १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी राजाश्रयाने नाटक उभं केलं, देवल-खाडिलकर इथलेच, हे भाषणात सगळे सांगतात. त्यांच्या नाटकांची पुस्तकं कुठंही मिळतील. पण अमुक रात्री खेळ कुठे झाला, पुढच्या खुर्चीला किती आणे पडत, बायकांची बसायची सोय वेगळी होती का, पडदा कुणाच्या दुकानाच्या जाहिरातीचा होता, हे त्या हस्तपत्रकावरच मिळायचं. ते छापलं तेव्हाच दुसऱ्या दिवशी फेकण्यासाठी होतं, म्हणून कुठल्या वाचनालयाने ते विकत घेतलेलं नसतं. ते फक्त तुमच्यासारख्यांच्या ट्रंकांतून येतं.

तेव्हा वाचनालयात जाऊन आधी विचारा: याची दाखल नोंदवहीत नोंद होणार का? सगळं एकत्र, घराच्या नावाने राहणार, की वह्या एकीकडे आणि फोटो एकीकडे जाणार? बाहेरच्या माणसाला बघायला मिळणार का? आणि आपल्या गावात चौथा प्रश्न हवाच: कितव्या मजल्यावर ठेवणार? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. १८६९ पासूनच्या आपल्या नगर वाचनालयाचे हजारो ग्रंथ त्यात गेले. त्यातली जी पुस्तकं दुसरीकडेही होती ती पुन्हा जमवता येतात. ज्याची एकच प्रत होती ते गेलं. म्हणून मूळ कागद देताना स्कॅन केलेला एक संच स्वतःकडे ठेवा, एक वाचनालयात, आणि एक नदीपासून लांब असलेल्या एखाद्या नातेवाइकाकडे. तळमजल्यावरच्या कपाटाला कितीही मोठं कुलूप लावलं तरी पाणी आत यायला किल्ली मागत नाही.

आणखी एक, पुढच्या वेळेसाठी. कागद भिजल्यावर पहिले दोन दिवस महत्त्वाचे, त्यानंतर बुरशी धरते. सगळं एकदम वाळवणं जमत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून गोठवतात आणि मग सवडीने थोडं थोडं वाळवतात, तेही सावलीत, पंख्याखाली. सांगली-तासगाव पट्ट्यात बेदाण्यासाठी इतकी कोल्ड स्टोअरेज आहेत. तिथे गोठवायची सोय नसली तरी थंडीने बुरशी मंदावते. पूर आला तर एखादा कोपरा कागदांना मिळेल का, हे वाचनालयांच्या कार्यकारिणीने मे महिन्यातच विचारून ठेवायला काय हरकत आहे? मी हे बऱ्याच बैठकांत बोलले आहे. चहा चांगला असतो.

मी बी.ए.ला आहे. ‘सांगली जिल्ह्याचा १९व्या शतकातला इतिहास’ असा प्रकल्प घेतलाय. इंटरनेटवर जवळजवळ काहीच मिळत नाही.
— एक विद्यार्थिनी, विश्रामबाग

कसं मिळेल? १९व्या शतकात सांगली जिल्हाच नव्हता. सांगली ही पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होती. मिरजेची दोन संस्थानं, थोरली आणि धाकटी. जत वेगळं. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके मात्र इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. संस्थानं १९४८ मध्ये विलीन झाली, १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि त्याला ‘सांगली’ हे नाव मिळालं ते १९६० मध्ये. म्हणजे तुझ्या शेजारच्या दोन गावांची कागदपत्रं दोन वेगळ्या राज्यांच्या दप्तरांत असू शकतात.

आधी गाव ठरव, मग ते तेव्हा कुणाच्या अमलाखाली होतं ते बघ आणि त्या नावाने शोध. तासगावचं असेल तर १८८५ चं सातारा गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारचा जिल्ह्याचा माहितीग्रंथ, उघड. राज्याच्या दर्शनिका विभागाने जुनी गॅझेटियर संगणकावर आणली आहेत. फक्त ते साहेबाच्या नजरेतून लिहिलेलं आहे, हे लक्षात ठेवून वाच. आणि वाचनालयात गेलीस की ‘इतिहासाची पुस्तकं द्या’ म्हणू नकोस. जुने वार्षिक अहवाल, स्मरणिका, शाळांचे शताब्दी अंक माग. ते कपाटाच्या वरच्या फळीवर दोरीने बांधलेले असतात आणि शिडी आणायला कर्मचारी कंटाळतात. गोड बोल.

आमचं ‘ड’ वर्गाचं, म्हणजे अनुदानाच्या सगळ्यात खालच्या वर्गातलं, गावचं वाचनालय आहे. अनुदानात वर्तमानपत्रांचं बिल भागतं, स्कॅनर कुठला? मोबाइलवर जुने अंक टिपले तर चालेल का? आणि कुणी केस केली तर?
— एक चिटणीस, पलूस तालुका

चालेल. खिडकीजवळ, कडेने येणाऱ्या उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाइल पुस्तकाशी समांतर धरून. खरी मेख पुढे आहे: फाइलला नाव द्या. वर्ष, महिना, अंकाचं नाव, पान. नाहीतर आज टिपलेला अंक पुढच्या वर्षी लग्नाच्या आणि शुभ सकाळच्या फोटोंत हरवतो.

कायद्याचं सांगायचं तर लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतो. निनावी मजकुराचा प्रकाशनानंतर ६० वर्षं. त्याच्या आतलं असेल तर घरच्यांची लेखी परवानगी घ्या. आपल्या भागात ती बहुतेक वेळा आनंदाने मिळते, कारण इतकी वर्षं कुणी विचारायलाच आलेलं नसतं. आणि हयात माणसांचे सातबारे, कर्जाच्या नोंदी, आजारपणाची पत्रं असलं काही सगळ्यांना दिसेल असं ठेवू नका. त्याला कायदा बघायची गरज नाही.

आजोबा हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर (हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांवर) कामाला होते. वय झालंय, पण आठवण पक्की आहे. त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून वाचनालयाला दिलं तर ते घेतील का?
— एक वाचक, हरिपूर

घ्यायला हवं, आणि टाळाटाळ केली तर मला कळवा. २००५ च्या पुरात बरीच पेवं खचली, त्यामुळे बघून शिकायची सोय आता कमी झाली आहे. ‘तुमचं आयुष्य सांगा’ असं विचारू नका, माणूस सद्गृहस्थासारखा बोलायला लागतो. कामाचं विचारा. पेव उघडल्यावर आत उतरण्याआधी किती वेळ थांबत? आतली हवा कळायला कंदील सोडून बघत का? हळद किती खोलवर भरत, तोंड कशाने लिंपत? मजुरी रोख मिळे की वस्तूत? भांडणं कशावरून होत? मधेच ते गप्प झाले तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि त्यांचं नाव मोठ्याने बोला, वाचनालयाला द्यायला त्यांची हरकत नाही हेही त्यांच्याच तोंडून रेकॉर्डमध्ये येऊ द्या. एका बैठकीला तास पुरे. आणि पंखा बंद करा, ऐकताना सगळ्यात जास्त तोच ऐकू येतो.