जीएलपी-१ला किरणोत्सारी आयोडीन कशाला जोडतात?

तुम्ही विचारलंय, आतड्यातल्या या संप्रेरकाला किरणोत्सारी करून मधुमेहाचं औषध कसं शोधतात. रविवारी नागपूरच्या सीताबर्डी बाजारात गाडी लावायला गेलात की कसं होतं? जागा मोजक्या, मागणारे दोघं. पेशीवरचे ग्राही म्हणजे त्या जागा. आयोडीन-१२५ जोडलेलं जीएलपी-१ आणि नवा रेणू एकत्र सोडायचे, न चिकटलेलं धुऊन टाकायचं, उरलेलं गॅमा काउंटरवर, म्हणजे किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रावर, मोजायचं. नव्या रेणूच्या जितक्या कमी मात्रेत मोजणी निम्म्यावर येते, तितकी त्याची पकड घट्ट.

आयोडीन सहसा टायरोसिन या अमिनो आम्लावर बसतं. जीएलपी-१मध्ये ते एकच, म्हणजे बरंच सोयीचं. त्याच ग्राहीवर बसणाऱ्या एक्सेंडिन-४ या रेणूमध्ये मात्र ते नाहीच, तिथे वेगळी युक्ती लागते.

आयोडीन-१२५चं अर्धायुष्य साधारण ६० दिवस. त्यामुळे नागपूरचा उन्हाळा टाळायला गावी जाणार असाल तर आधी मागवून ठेवू नका, परतेपर्यंत निम्मं उरेल!

आणि हो, चिकटला म्हणजे काम करतो असं नाही. एक्सेंडिन (९-३९), म्हणजे एक्सेंडिन-४चा सुरुवातीचा भाग कापलेला तुकडा, ग्राहीवर छान बसतं, पण त्याला चालू करत नाही, उलट जागा अडवून ठेवतं. म्हणून ग्राही चालू झाला की पेशीत वाढणारा संदेशवाहक रेणू, सीएएमपी, वेगळा मोजावाच लागतो.